मामाचा फेटा आणि उकळतं पेट्रोल

चहा घ्या आधी, गार होईल. आणि बशी खाली ठेवून ऐका, कारण पुढं हसताना ती सांडली तर मी धुऊन देणार नाही!

फजिती कुणाची होत नाही? कुणाची परीक्षेत होते, कुणाची निवडणुकीत होते. पण स्वतःच्याच लग्नात, सगळ्या इंदापूरच्या देखत, बँड वाजत असताना फजिती झालेला माणूस कधी पाहिलाय का तुम्ही? नाही ना? मग नीट बघून घ्या. समोर बसलाय.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचं घर बारामतीचं. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, मिरची, थोडी मोसंबीची बाग. एका वर्षी मोसंबी चांगली लागली आणि आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पुण्याच्या एका रिटायर साहेबाकडून एक जुनी मोटार घेतली. लढाईच्या आधीची विलायती गाडी! काळी कुळकुळीत, पुढची मडगार्डं हत्तीच्या कानाएवढी, आणि हॉर्न असा की रस्त्यातली म्हैस दचकायच्या ऐवजी ओळख पटल्यासारखी वळून बघायची.

आता ही गाडी चालवायची कुणी? अर्थात मी! कारण मी मॅट्रिक झाल्यावर सहा महिने पुण्याच्या एका गॅरेजात काढले होते. सहा महिन्यांत काय शिकलो म्हणाल? पाने-पक्कड ओळखायला शिकलो, अंगाला ऑईल फासून घ्यायला शिकलो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, "हंऽऽ" असं म्हणायला शिकलो. तुम्ही हसू नका. त्या एका "हंऽऽ"वर बारामतीत माझं नाव झालं होतं! कुणाचं ऑईल इंजिन अडलं की लोक म्हणायचे, "दिनकररावास्नी बोलवा. त्येंनी नुसतं बघितलं तरी इंजन लाजून चालू हुतंय."

तर अशा या दिनकररावाचं लग्न ठरलं. मुलगी इंदापूरची, नाव कमल. बघायला गेलो तेव्हा ती खाली मान घालून बसली होती आणि मी छताकडं बघत बसलो होतो, त्यामुळं एकमेकांशी बोलणं सोडाच, चेहरासुद्धा धड पाहिलेला नव्हता. तिचे वडील आण्णा, मोठे बागायतदार. आणि वेळेचे असे पक्के की त्यांच्या मळ्यातल्या मोटेचे बैलसुद्धा वेळेवर रवंथ करायचे म्हणे!

मुहूर्त धरला गोरज. वैशाखाचा महिना. ऊन कसलं, तवा नुसता! तात्या वऱ्हाड घेऊन पहाटेच ट्रकनं निघाले. निघताना मला म्हणाले, "दिन्या, गारव्यातच चल आमच्यासंगं. दुपारी लई तापतंय."

मी छाती फुगवून म्हणालो, "तात्या, ही मोटार हाय. उन्हाला भ्यायला बैल न्हाय!"

काय डौल होता त्या वाक्यात! माझा बेत असा होता की जेवणं उरकून, भर दुपारी निघायचं, दिवस कलायच्या आत इंदापूरच्या वेशीत शिरायचं आणि सगळ्या गावानं तोंडात बोट घालून बघत राहायचं. बोट घातलं लोकांनी. पण ते पुढं.

गाडीत आम्ही तिघं. चाकावर मी, मागं माझी धाकटी बहीण सुमन, करवली म्हणून नटूनथटून, आणि तिच्या शेजारी आमचा मामा. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. अंगानं असा की तो डाव्या बाजूला बसला की गाडी डावीकडं वळायला बघायची. आणि त्याच्या डोक्यावर फेटा. फेटा कसला, संस्थान होतं ते! पांढराशुभ्र, लांबलचक, रोज सकाळी स्वतःच्या हातानं बांधलेला. मामाला उघड्या डोक्यानं मामीनंसुद्धा कधी पाहिलं नसेल.

"नवरदेवानं मागं बसायचं असतंय," मामा कुरकुरला. "हाकणारा दुसरा असतोय."

"दुसरा हाय कोण बारामतीत?" मी म्हणालो आणि बटण दाबलं. गाडी गुरगुरली. निघालो!

गावाबाहेर पडतोय तोवर पुढं बैलगाड्यांची रांग लागली. रस्ता अरुंद, एका बाजूला कॅनॉल. बराच वेळ त्यांच्या मागं मुंगीच्या चालीनं चाललो. कशाबशा त्या मागं टाकल्या, वेग घेतला, आणि… फट्. फट्. फुस्स.

गाडी बंद.

मामा म्हणाला, "पोचलो?"

मी शांतपणे उतरलो. बाही सरसावली. बॉनेट उघडलं. कमरेवर हात ठेवले.

"हंऽऽ," मी म्हणालो. "प्लग."

एकेक प्लग काढला, पॉलिश कागदानं घासला, फुंकला, आकाशाकडं धरून एक डोळा मिटून बघितला. त्याची काही गरज नसते, पण बघणाऱ्यांना बरं वाटतं. सगळे परत बसवले, बटण दाबलं आणि काय सांगू! पहिल्या दणक्यात चालू!

"शिकल्याचं चीज झालं," मामा गहिवरला.

मी नुसता बॉनेटवरनं हात फिरवला. मोठी माणसं अशा वेळी बोलत नसतात.

सणसरच्या अलीकडं परत फट्, फट्, फुस्स.

"प्लगच का?" मामानं विचारलं.

"छ्या! प्लग कसा आसंल? आत्ताच न्हाय का साफ केला? आता कार्बोरेटर." आणि मी त्याला समजावून सांगितलं, "मामा, कार्बोरेटर म्हंजी इंजनाचं तोंड. तितं पेट्रोल आन हवा मिसळती. पेट्रोल यायला सुईच्या नेढ्यायेवढं भोक असतंय. त्यात कचरा बसला की इंजन उपाशी."

तोवर आजूबाजूच्या उसातनं चार-सहा शेतकरी येऊन उभे राहिले होते. माणसं जमली की माझ्या हाताला चढ येतो! मी ती बारीक भोकाची पितळी जेट काढली, तोंडात धरून जोरात फुंकली. फुंकताना थोडं पेट्रोल घशात गेलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. सगळं जोडून बटण दाबलं. चालू!

एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "डाक्टर हायसा जणू?"

"इंजनाचा," मी म्हणालो आणि त्याच्याकडं न बघता गाडी सोडली. मागं धूळ आणि माझी कीर्ती!

लासुर्ण्याला तिसऱ्यांदा बंद. आता मी जरा घामाघूम झालो होतो, पण विद्या संपली नव्हती. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढं सरकत नाही. भोक शोधलं, सुमनच्या केसातला आकडा घेतला, कोरकोर कोरलं. बटण दाबलं. चालू!

"आता मातुर मुळावरच घाव घातला," मी जाहीर केलं. "आता इंदापूरशिवाय थांबायचं न्हाय."

मागनं सुमन हळूच म्हणाली, "दादा, एक इचारू? तू कायबी केलंस तरी गाडी चालू हुती. आन तू कायबी केलंस तरी ती परत बंद पडती. आसं कसं रं?"

मी म्हणालो, "करवलीनं करवलीसारखं बसावं."

खरं सांगतो, ती शंका माझ्याही मनात वळवळत होती. पण माणूस एकदा डॉक्टर झाला की स्वतःच्या बहिणीचं ऐकतो का?

जंक्शन गावाच्या पुढं चढ लागला आणि चढाच्या माथ्यावर गाडीनं चौथ्यांदा डोळे मिटले.

आता मात्र माझ्याजवळ काढायला काही उरलं नव्हतं. प्लग झाले, जेट झाली, झाकण झालं. सूर्य कलायला लागलेला. इंदापूरला मांडव भरलेला, भटजी घटिकापात्राकडं बघत बसलेले, आणि आण्णा… आण्णा वेशीत उभे राहून रस्त्याकडं बघत असणार! गोरज टळला तर? "नवरदेव कुठं हाय?" तर म्हणे रस्त्यात झाकण कोरतोय! मी एका लिंबाखाली जाऊन डोकं धरून बसलो. बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

मामानं चंची काढली. सावकाश पान लावलं, चुना फासला, सुपारी कातरली, पान तोंडात टाकलं. मग उन्हाचा चटका नको म्हणून पुढच्या सीटवर, माझ्या जागी जाऊन बसला. बसल्या बसल्या हाताशी बटण दिसलं. दाबलं.

घर्रर्र!

गाडी चालू!

"आरं दिन्याऽऽ!" मामा आतनं ओरडला. "ही बोलाय लागली! धर हिला! मला येत न्हाय!"

मी धावत आलो. सांगा आता, काय तोंड दाखवायचं? ज्यानं जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकलं नाही, त्या माणसानं पान खाल्लं आणि गाडी चालू झाली! आणि मामा काय गप्प बसतोय?

"मला ठावं हुतं," पान एका गालात सारत तो म्हणाला. "जनावर दमलं हुतं. तू मघापासनं त्याचं दात काढतुयास, तोंडात फुंकतुयास, शेपटाखाली आकडा घालतुयास. आरं, जरा इसावा दे त्येला!"

सुमन पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या हातातला पाण्याचा करा सांडला.

मी चाक धरलं, पण डोकं दुसरीकडंच होतं. इसावा! दर वेळी गाडी थांबली होती. दर वेळी मी बराच वेळ काहीतरी खटपट केली होती. आणि दर वेळी ती चालू झाली होती. पण मामाच्या वेळी खटपट कुणी केलीच नव्हती! मग चारही वेळा घडलेली गोष्ट कुठली? एकच. गाडी निवली होती!

अंगावर काटा आला बघा, त्या उन्हात! मी ठरवलं की आता बंद पडली तर एक खिळासुद्धा हलवायचा नाही. आधी बघायचं. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच बघायचं.

आणि काय गंमत, आता मी ती बंद पडायची वाट बघत होतो! निमगाव केतकीला पानमळ्यांच्या कडेनं चाललो होतो, तेवढ्यात फट्, फट्, फुस्स. मी ओरडलो, "शाब्बास!" मामाला वाटलं मला ऊन लागलं.

उडी मारली, बॉनेट वर केलं आणि नुसता बघत राहिलो. इंजिनाच्या कुशीला पेट्रोलचा पंप असतो. त्याच्याखाली एक काचेची वाटी असते, त्यात पेट्रोल दिसतं. दोनदा बॉनेट उघडून त्या वाटीकडं मी ढुंकूनही बघितलं नव्हतं! आता बघितलं. वाटीत पेट्रोल खदखदत होतं. बुडबुडे! चुलीवरच्या चहासारखे! तिथनं निघालेली नळी इंजिनाचा धूर नेणाऱ्या धुराड्याच्या नळाला अगदी चिकटून गेलेली. नळीला बोट लावलं आणि चर्रकन भाजलं.

"मामाऽ! पेट्रोल उकळतंय!"

"मग साखर टाकू?" मामा म्हणाला.

मी तिथंच रस्त्यात नाचायला लागलो. सगळं लख्ख दिसलं! वैशाखाचं ऊन, त्यात हे धुराडं शेजारी. नळीतल्या पेट्रोलची वाफ होत होती. पंप बिचारा पेट्रोल ओढायला जातोय आणि हाताला लागतेय वाफ! वाफ काही पुढं ढकलता येत नाही, मग कार्बोरेटर कोरडा, इंजिन बंद. जरा निवलं की वाफेचं परत पेट्रोल, गाडी चालू! मी मघापासून दुरुस्ती करत नव्हतो, मी फक्त वेळ काढत होतो! प्लग घासताना, जेट फुंकताना, आकड्यानं कोरताना गाडी आपली आपण बरी होत होती आणि श्रेय मी घेत होतो!

पण आता खरा आजार सापडला होता. आणि उपायही. पंपाला आणि नळीला ओलं कापड गुंडाळायचं, वर पाणी मारत राहायचं. पानमळ्याचा पाट शेजारूनच झुळझुळ वाहत होता. पाणी होतं. कापड?

मी सुमनच्या शालूकडं बघितलं. तिनं असं बघितलं की मी नजर वळवली. माझे लग्नाचे कपडे गाठोड्यात होते, ते तर नकोतच. अंगातला सदरा ऑईलनं आणि पेट्रोलनं थबथबलेला, तो गुंडाळला असता तर पंपाबरोबर आम्हीही पेटलो असतो. लांब, सुती, जाड, स्वच्छ कापड एकच होतं.

मी मामाच्या डोक्याकडं बघितलं.

मामाचे दोन्ही हात फेट्यावर गेले. "न्हाय. मेलो तरी न्हाय."

"मामा, सूर्य बघा."

"माझा बा मेला तवा मी ह्यो डोक्यावर घेतला. लग्नाच्या दारात उघड्या डोक्यानं जाऊ?"

"आन गोरज टळला तर? तुमच्या भाच्याला काय म्हनतील?"

मामानं मान वर करून सूर्याकडं बघितलं. मग त्यानं फेटा उतरवला. टक्कल उन्हात चमकलं. फेटा माझ्या हातात देताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज कोरडा होता. "घे. पर पोच."

आता हसू नका हं. त्या क्षणी मलाही भरून आलं होतं.

फेटा पाटात बुडवला, पंपाला आणि नळीला वेटोळे दिले, सुतळीनं बांधला. बॉनेटची एका बाजूची झडप उघडी ठेवली. गाडीत रॉकेलचा रिकामा डबा होता, त्यात पाणी भरलं, डबा मागच्या सीटपाशी ठेवला. आणि मामा, तो पर्वताएवढा मामा, एका हातानं दाराला धरून बाहेरच्या पायरीवर उभा राहिला, दुसऱ्या हातात तांब्या! मी चाकावर, सुमन डब्यातनं तांब्या भरून द्यायला. निघालो!

काय धावली गाडी! मामानं तांब्या ओतला की पंपावरनं 'चुस्स' करून वाफ निघायची. निम्मं पाणी पंपावर, निम्मं वाऱ्यानं मामावर. "थांबली का?" मामा ओरडायचा. "न्हाय थांबत!" मी ओरडायचो. सुमन टाळ्या वाजवायची. खड्डे आले, चढ आले, बैलगाड्या आल्या, गाडीनं एक हुंकारसुद्धा चुकवला नाही. शेतातली माणसं हातातली कामं टाकून बघत होती. मी जिंकलो होतो! उन्हाशी, वाफेशी, त्या धुराड्याशी! इंदापूरची झाडं दिसली तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

वेशीला लागूनच मांडव, तिथंच बँड तयार. सुवासिनी ओवाळायला तबकं घेऊन उभ्या. आण्णा सगळ्यांच्या पुढं. बँडवाल्यानं क्लॅरोनेट तोंडाला लावलं, सूर निघाला. मी झोकात गाडी आणून उभी केली, खाली उडी मारली आणि पंप कसा आहे ते बघायला थेट बॉनेटमध्ये डोकं खुपसलं.

इथं जरा त्यांच्या डोळ्यांनी बघा. त्यांना काय दिसलं असेल? चाकावरनं एक काळामिट्ट, ऑईलनं माखलेला गडी उतरला. तो कुणीतरी ड्रायव्हर असणार. मागच्या सीटवर एकटी करवली. नवरदेवाची जागा रिकामी. आणि पायरीवर नवरदेवाचा मामा, डोकं उघडं, नखशिखांत ओला, डोळे लाल. ओला आणि उघड्या डोक्याचा माणूस कुठून येतो, सांगा बरं?

आण्णांचा चेहरा उतरला. "पाव्हणं… काय झालं?"

मामाला धाप लागली होती. आणि त्याच्या मनात पंपाशिवाय दुसरं काही नव्हतं.

"काय सांगू आण्णा," तो म्हणाला, "वाटंतच बंद पडला."

"कोण?"

"लई तापला हुता ओ. हात लावून देत नव्हता. बंद पडायचा, जरा येळानं चालू व्हायचा, परत बंद पडायचा."

आण्णांनी मांडवाचा खांब धरला. "मग?"

"मग निमगावला पार बसला. आमी वरनं पाणी मारलं. शेवटी माझाच फेटा काढला डोक्याचा, वला केला, त्यात गुंडाळला, सुतळीनं बांधला आन तसाच घेऊन आलो. येळंला पोचवायचा हुता ना!"

क्लॅरोनेट मधेच कुईं करून थांबलं. आणि मग कमलच्या आत्यानं तबक खाली टाकून असा हंबरडा फोडला, "आगं बयाऽऽ! हळदीच्या अंगानं गेला गंऽऽ!"

की मागनं सगळ्या बायका! आकांत नुसता! कुणी कपाळ बडवतंय, कुणी "पाणी आणा, आण्णास्नी बसवा" म्हणतंय. आतनं तात्या धावत आले, टोपी एकीकडं, धोतर एकीकडं. "माझा दिन्या! कुठं हाय माझा दिन्या?"

आणि मी? मी बॉनेटमध्ये होतो! बाहेर रडारड ऐकू येत होती, पण मला वाटलं मुलीकडच्या बायका आहेत, आधीच रडायला लागल्या असतील. मी आतनंच खणखणीत आवाजात ओरडलो, "आजून गरमच हाय! पर चालतोय मस्त!"

रडणं थांबलं. मी डोकं बाहेर काढलं. दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या तोंडात खरोखर बोट होतं.

"ह्यो क्लीनर काय बरळतोय?" आत्या म्हणाली.

"क्लीनर न्हाय," मी म्हणालो. "मी नवरदेव."

कुणाचाच विश्वास बसेना! मग तात्या पुढं आले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं माझं तोंड पुसलं, थोडं गोरं दिसलं तसं मला घट्ट पोटाशी धरलं, आणि पोटाशी धरल्या धरल्याच पाठीत असा एक रट्टा घातला की नळीतली राहिलेली वाफ माझ्या तोंडून निघाली.

"आता काय भांडत बसताय?" भटजी मांडवातनं ओरडले. "सूर्य चालला! जो कोण नवरदेव असंल त्याला आंघोळ घाला!"

घातली. रॉकेलनं, शिकेकाईनं, राखेनं, नारळाच्या शेंडीनं घासून घातली. गोधूळ उडाली तेव्हा मी अंतरपाटापाशी उभा होतो, लालेलाल, सोललेल्या बटाट्यासारखा. अक्षता वेळेवर पडल्या बघा! एक क्षणसुद्धा चुकला नाही. मामाला आण्णांनी स्वतःच्या हातानं नवा कोरा फेटा बांधला आणि सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या.

पंगतीत तर माझाच विषय! जो तो विचारतोय, "पेट्रोल खरंच उकळतंय व्हय?" मी जिलबी बाजूला ठेवून द्रोण-पत्रावळीवर पंप, नळी, धुराडं मांडून दाखवलं. वऱ्हाडाच्या ट्रकचा ड्रायव्हर मान डोलवत होता. आण्णा पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "ह्ये आमचं जावई. मोटारीचा ताप उतरवत्यात!" आत्याबाई डोळे पुसत जास्तीचा भात वाढत होत्या. मी म्हणजे हवेत होतो हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. थंडगार वारा सुटलेला. कमल मागच्या सीटवर, डोक्यावर पदर, डोळे पुसत. निरोपाला सगळं गाव लोटलेलं. मी ऐटीत बटण दाबलं.

घर्र… घर्र… गप्प.

परत दाबलं. गप्प.

लोक माझ्याकडं बघत होते. घाबरतोय कोण? आजार ओळखीचा होता! मी खाली उतरलो, कमरेवर हात ठेवले. "हंऽऽ. वाफ."

"एवढ्या सकाळी? गारव्यात?" आण्णा म्हणाले.

"जुनी गाडी हाय, आण्णा. हिच्या आंगात मुरल्याली उष्णता हाय." असं काही नसतं, पण ऐकायला बरं वाटतं. "वली कापडं आणा!"

आली ना! टॉवेल आले, पंचे आले, आत्याबाईंनी स्वतःचं लुगडं भिजवून आणलं. मी पंप गुंडाळला, नळी गुंडाळली, जोशात कार्बोरेटरसुद्धा गुंडाळला. इंजिन असं दिसत होतं की वाटावं, इस्पितळातनं आणलंय. तीन घागरी पाणी ओतलं. मामानं बटण दाबलं. पान खाऊन दाबलं. मी दाबलं. आण्णांनी दाबलं. ढिम्म!

मी लोकांना वाफेबद्दल आणखी थोडं समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागच्या सीटवरनं, पदराआडनं एक बारीक आवाज आला. आमच्या लग्नानंतर तिनं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"अवं… त्यात पेट्रोल हाय का?"

मी मोठ्यांदा हसलो. सगळ्यांकडं बघून हसलो. "आगं, पेट्रोल नसतं तर गाडी हितवर…"

आणि थांबलो.

मामानं एरंडाची काटकी मोडली, टाकीत घातली, तळाला टेकवली, वर काढली. उन्हाकडं धरून बघितली. हाताला घासून बघितली. कोरडी खडखडीत! काल निघताना टाकी बघायचं कुणाच्या लक्षात होतं? मी तर झाकणाचं भोक कोरलं होतं, झाकणाखाली काय आहे ते बघितलंच नव्हतं!

मग आण्णांनी गड्याला बैलजोडी आणायला सांगितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "जावईबापू, गाडी कशानं बंद पडती त्ये तुमाला समदं ठावं हाय. कशानं चालती, तेवढं आमच्या पोरीला इचारत चला."